दातांत धरायचं हॉल तिकीट

सरांनी खिशातून माझं हॉल तिकीट काढलं, घोड्यावर बसलेल्या आपल्या मुलावरून ओवाळलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं.

वरातीत नोट अशीच देतात. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, म्हणून त्याने ती दातांत पकडायची. लोक हसतात. लहानपणापासून मी अशा नोटा पकडत आलो. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पण हे माझं हॉल तिकीट होतं.

अमरावतीच्या कॉलेजात सर आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. एक गोष्ट मिळवताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत, असं त्यांनीच सांगितलेलं. मला ते शिकवायची गरज नव्हती. मी वर्गात बसलो की दर्यापुरात बाबाच्या बँडला ट्रम्पेटवाला अकोटहून आणावा लागायचा. लग्नात वाजवलं की इकडे हजेरी बुडायची. शेवटी हजेरी कमी पडली आणि सरांनी हॉल तिकीट अडवलं. मुलाच्या वरातीत बँड फुकट वाजवा, मग बघू, म्हणाले. बाबाने लगेच मान डोलावली.

आता सर पाहुण्यांना मोठ्याने सांगत होते की हा आमचाच विद्यार्थी, वर्गात दिसत नाही, वरातीत बरोबर दिसतो. मग माझ्याकडे वळले.

"घे. दातांत धर. तुमच्या लोकांना सवय असते."

पाहुणे हसले. माझ्याच वर्गातली दोन पोरं मोबाईल काढून उभी होती. मागून ड्रम वाजवता वाजवता बाबा हळूच म्हणाला, "घे न बाप्पा. साल वाचते तुयं."

बाबाचा राग आला नाही. त्याची लाचारी ऐकून मात्र अंगाची आग झाली. मी ट्रम्पेट ओठांवरून काढलं.

"नाई घेत, सर."

"वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

आधी माझं ट्रम्पेट थांबलं होतं. मग बाबाचा ड्रम थांबला. वरात रस्त्यात मुकी उभी राहिली.

वर्ष गेलंच. ट्रम्पेटवर आता अकोटचा पोरगा कायमचा आहे, माझी जागा गेली. मी पुन्हा त्याच वर्गात नाव घातलंय. लग्नाची दाट तिथी असली तरी सकाळची एसटी पकडतो आणि पहिल्या बाकावर बसतो. सर हजेरी घेताना माझं नाव गिळतात. मी उभा राहतो. ते हजेरी लिहीपर्यंत बसत नाही.

कॉलेजची किंमत माझं घर भरतंय. यंदाचं हॉल तिकीट मी ऑफिसच्या खिडकीवर हात पुढे करून घेणार. दातांनी आता काही उचलणार नाही.