सुतळी बांधलेला हिंगाचा डबा

हिंगाचा वास आला की नौपाड्यातलं आईचं स्वयंपाकघर आठवतं. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईला मी डोंबिवलीहून गेलेले. मोबाइलवर व्हिडिओ बघून डोक्यात खूळ शिरलं होतं, सगळ्या बरण्या एकसारख्या हव्यात. आईचे पत्र्याचे डबे, एक पोचा पडलेला, एकाच्या कडीला सुतळी बांधलेली, मी भंगारवाल्याला दिले आणि नव्या बरण्यांवर सुबक अक्षरांत लेबलं चिकटवली. संध्याकाळी तिने केलेला चहा खारट निघाला. "आई, एवढं 'मीठ' लिहिलंय ना गं!" मी चिडलेच. ती ओशाळून म्हणाली, "अगं, साखरेच्या डब्याला पोचा होता. हाताला लागायचा." तेव्हा कळलं, ती अक्षरं तिला दिसतच नव्हती आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे धावले, पण सुतळीवाला हिंगाचा डबाच तेवढा मिळाला. आई गेल्यावर तो माझ्या ओट्यावर आलाय. त्याला मी लेबल लावलेलं नाही. फोडणीआधी डोळे मिटून सुतळी चाचपते. तिची गाठ अजून आईनेच मारलेली आहे.