सुजाताताई आणि गोल फिरणारा उजेड

माझ्या पीएचडीचा पहिला रिझल्ट खोटा होता.

सुजाताताईनं तो पकडला नसता, तर मी छापून मोकळा झालो असतो.

ताईला जाऊन आज वर्ष झालं.

कोल्हापुरात आमच्या लॅबमध्ये ती माझी सीनियर. गाव आजरा. आमची टेबलं शेजारी-शेजारी.

मी नखाएवढी चिप बनवत होतो. ज्याची लहर पुढं जाताना मळसूत्रासारखी फिरते, असा 'वर्तुळाकार ध्रुवित' प्रकाश तिच्यातून थेट निघायला हवा होता. एरवी त्यासाठी अर्धं टेबल सामान लागतं.

एका दुपारी चिपसमोर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत हलणारी लहर पुढं सोडणारी काच, धरून फिरवला. मीटरवरचा उजेडाचा आकडा हललाच नाही; गोल फिरणाऱ्या प्रकाशात तो हलत नाहीच.

जमलं म्हणून सरांना सांगितलं, शाहूवाडीला आईला फोन केला, सगळ्यांना चहा पाजला.

ताईनं चहा संपवला आणि म्हणाली, "साध्या बल्बसमोर धरलास तरी आकडा असाच ऱ्हातोय की. मधी क्वार्टर वेव्ह प्लेट घाल, मग फिरव. एका जागी अंधार झाला तर खरं."

ही प्लेट गोल फिरणारी लहर सरळ रेषेत आणते, मग पोलरायझर तिला एका कोनात पूर्ण अडवतो. प्लेट घातली. अंधार कुठंच झाला नाही.

माझी चिप साधाच उजेड देत होती.

पेपर पाठवायची मुदत दोन दिवसांवर. खरं सांगतो, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तिनं ओळखलं.

"सरांना तू सांगतोस, का मी येऊ संगं?"

ती आली. सर बोलत होते तेवढा वेळ माझ्या बाजूला उभी राहिली.

मग नवं डिझाइन. आठ महिने गेले. त्यातच तिचं आजारपण निघालं आणि ती घरी गेली.

एका सकाळी प्लेट लावून पोलरायझर फिरवताना आकडा खाली खाली गेला. पार शून्याजवळ.

मिळेल ती एसटी धरून आजरा गाठलं. ताई उशीला टेकून बसली होती. ग्राफ बराच वेळ बघितला.

"डावा फिरतोय का उजवा?"

मी तपासलंच नव्हतं. ती हसली. म्हणाली, जा, बघून सांग.

दुसऱ्या दिवशी फोन केला. तिच्या भावानं तो तिच्या कानाशी धरला.

"डावा, ताई."

"व्हय? मग आता उजवा काढ."

आमचं शेवटचं बोलणं ते.

या महिन्यात उजवा निघाला. सवयीनं तुझा नंबर काढला होता.

ताई, फार आठवण येते गं. तुला मनापासून नमस्कार.