हुलग्याची पाळी

नसरापूरच्या खालच्या अंगाला आमचं काळं रान होतं. एक साल कापूस, दुसऱ्या साली हुलगा, आणि हुलगा निघाला की धनगराची मेंढरं खतासाठी रानात बसवायची, ही आजोबांपासूनची रीत. एकदा कापूस बरा पिकला आणि वडिलांनी हुलग्याची पाळीच मोडली. कापसावर कापूस, तिसऱ्या सालीही कापूसच. मेंढरांऐवजी मिठासारखं पांढरं विलायती खत आणलं आणि मुठी सैल सोडल्या.

म्हातारा धनगर बांधावरून म्हणाला, "दादा, रान दमलंय. हुलगा पेरा."

"तुमच्या मेंढरांची सोय बघू व्हय, बाबा?" वडील हसले.

कापूस असा माजला, की नसरापूरच्या बाजारातून तोरणा दिसेना. आत शिरलेली आमची म्हैस तिसऱ्या दिवशी सापडली, रेडकासकट. पण झाडाला नुसता पाला. चार बोंडं धरली, ती किडीनं पोखरली. साऱ्या रानाचा कापूस देवापुढच्या वातींना पुरला.

म्हशीचं मी थोडं वाढवून सांगितलं. पुढचं नाही.

आमचे बैल हुलगा खाऊनच कामं ओढायचे. त्या साली घरात हुलगा नव्हता. उन्हाळ्यात एक बैल खाली बसला, तो उठलाच नाही. पावसाच्या तोंडाला धनगरानं हुलग्याचं बी आणून दिलं. उरलेल्या बैलाशेजारी वडिलांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मी मागं पाभर धरली. सगळं रान पेरून झालं, हुलगा उगवलाही. वडिलांचा त्या खांद्याचा हात मात्र पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही.