साडूभाऊंची कोरडी खोली

हवेतल्या पाण्याशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीची माणसं खाडी दिसावी म्हणून करावे गावाशेजारच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतात. साडूभाऊंनीही घेतला, पण राहायला गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर बेडरूमच्या खिडकीच्या फटी सिलिकॉनने बुजवून टाकल्या. खाडी दिसायला त्यांची हरकत नव्हती, ती घरात यायला होती.

कारण त्या बेडरूममध्ये त्यांचा कॉम्प्युटर राहत असे. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल याची चित्रं ते आर्किटेक्ट लोकांना करून देतात. या कामात यंत्र भलतं तापतं, म्हणून त्याच्या पोटातून नळ्यांनी पाणी खेळवलेलं. ते पाणी गार राहावं म्हणून दिवसरात्र एसी अठरावर. आणि एवढ्या गारठ्यात बाहेरची दमट हवा शिरली, तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा त्या नळ्यांना घाम सुटणार, थेंब खालच्या सर्किटवर पडणार आणि सगळा कारभार आटोपणार. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. घर वन-बीएचके. त्यामुळे यंत्र बेडरूममध्ये आणि नवरा-बायको हॉलमध्ये गाद्या टाकून, अशी वर्षानुवर्षांची व्यवस्था.

त्या खोलीत शिरणं म्हणजे सोवळ्यात शिरणं. फरक एवढाच, की इथे ओलेत्याने चालायचं नाही. एकदा मी स्टेशनवरून भर उन्हात चालत, घामाने निथळत त्यांच्याकडे पोचलो. त्यांनी मला टॉवेल दिला, हॉलच्या पंख्याखाली बसवलं आणि दर थोड्या वेळाने येऊन माझ्या मानेला बोट लावून पाहू लागले. "तू आत्ता निम्मा पाणी आहेस," म्हणाले. "जरा वाळ, मग ये." खोलीच्या कोपऱ्यांत खडेमिठाच्या वाट्या, यंत्राच्या आजूबाजूला तांदळाच्या पुरचुंड्या. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, भात टाकायच्या आधी विचारून घ्यायची की हे तांदूळ खायचे की खोलीतले. एका गणपतीत उकडीच्या मोदकांच्या वाफेचा विषय निघाला आणि त्या घरातल्या बाप्पाला तळणीच्या मोदकांवर समाधान मानावं लागलं. आमच्या कोकणातल्या सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक नाशिकला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण बाळंतिणीची खोली कशी लागते? दारं लावलेली, कान बांधलेले, खाटेखाली शेगडी, कढत पाण्याची आंघोळ, बाळाला ओवा-शेपांची धुरी. म्हणजे साडूभाऊ ज्या ज्या गोष्टींना भीत, त्या सगळ्या एका खोलीत, आणि घरात खोली एकच. डोहाळजेवणाला ती आली तेव्हा तिने बेडरूमचं दार उघडलं, आत डोकावली आणि शहारली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी नाशिकलाच राहते. सासूबाई करतील माझं. तुमी टेन्शन घेऊ नका."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ताई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार नसेल तर त्या घराला माहेर कशाला म्हणायचं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी एसी एकोणीसवर नेला. यंत्र गारच बाहेर काढलं तर हॉलच्या हवेत ते चिंब होणार, म्हणून आधी त्याला हळूहळू उबेला आणायचं, असा बेत. खरं तर एसी बंद करून दिवसभर तसंच ठेवलं असतं तरी भागलं असतं. मी तसं म्हटलंही. पण आठवड्याला एक डिग्री, यापेक्षा घाई त्यांना मंजूर नव्हती. त्याला सवय व्हायला पायजे, म्हणाले. मग त्यांनी स्वतःच लेकीला फोन केला आणि नवव्या महिन्यापर्यंत खोली माणसात येईल असं कळवलं. ती पोट धरून हसली आणि यायला तयार झाली. त्या दिवशी ताईने मला फोनवर चारदा तीच बातमी सांगितली.

बाळाला मात्र डिग्र्यांचं हे वेळापत्रक कुणी कळवलं नव्हतं. लेक येऊन हॉलमध्ये टेकते न टेकते तोच नात चांगली तीन आठवडे आधीच आली. तिला हॉस्पिटलमधून घरी आणायच्या सकाळी खोली अजून तेविसावर. इकडे गॅसवर आंघोळीचं पाणी आधण येऊन उकळत होतं, शेगडी फुलत होती. साडूभाऊ क्षणभर दारात घुटमळले. मग त्यांनी यंत्र बंद केलं, जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळलं, चिकटपट्ट्या लावल्या आणि वरून गोधडी लपेटली. घाम फुटायचा तो प्लास्टिकला फुटू दे, आतला जीव कोरडा राहील. आम्ही दोघं ते गाठोडं हॉलमध्ये आणतोय तोच लेक तिचं गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी. ताई भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली. मागून कराव्याची मासळीवाली मावशी आली, तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि ताईला विचारलं, "दोन दोन हायेत काय गो?"

धुरीचा धूर कोंडू नये म्हणून खिडकीचं सिलिकॉन साडूभाऊंनी स्वतः ब्लेडने कापून काढलं. सव्वा महिना ती खोली वाफेने भरलेली होती. आरसा धुरकट, भिंती ओलसर, आणि नातीला मांडीवर घेऊन बसलेले साडूभाऊ घामाने डबडबलेले. भाऊ, जरा वाळा आता, असं मी एकदा म्हटलं. त्यांना ऐकूच आलं नाही. इतका सुखी माणूस मी फार क्वचित पाहिला आहे.

तीन महिन्यांनी लेक नाशिकला गेली. यंत्र अजून हॉलमध्येच आहे. पंख्याखाली तापतं, मधेच बंद पडतं, एका चित्राला दुप्पट वेळ लावतं, आणि आर्किटेक्ट कुरकुरतात. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा बेडरूमचं दार लावलेलं होतं. आता खोली रिकामी आहे, एसी लावून यंत्र आत का नेत नाही, असं मी विचारलं. साडूभाऊ उठले, दार जरासं उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

"ओवा-शेपांचा वास येतो ना अजून? एसी लावला की जाईल रे."

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. मला वास काही आला नाही. येतोय, मी म्हटलं.