ठमीची कलमं

ठाकुरवाडीची ठमी उद्यानविद्येच्या कॉलेजात होती. आंब्याची कलमं बांधून झाल्यावर सुचेता मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावा."

बाकीच्यांनी हापूस, केसर असं लिहिलं. ठमीनं आपल्या माणसांची नावं लिहिली: जैतू, सुनंदा, रोहिदास.

"अगं, आंब्याचं नाव!" मॅडमनी कपाळाला हात लावला.

"राहू द्या मॅडम. घरच्यांचं नाव असलं का पाणी घालायला इसरायला होत नाय."

महिन्यानं तपासणी झाली. जैतूला कोंब आला होता, सुनंदाला तर दोन तांबूस पानं. एकच कलम वाळलं होतं आणि त्याची चिठ्ठी ठमीनं मुठीत दाबली होती. मॅडमनी मूठ उघडायला लावली.

चिठ्ठीवर होतं, 'सुचेता मॅडम'.

मॅडमना हसू आवरेना. "आण तो कलमाचा चाकू," त्या म्हणाल्या, "आणि मला पुन्हा बांध, नीट!"