चांगुणाबाईंनी ठेवलेली नावं

वत्सला हिवाळे यांच्याकडे तरुण संघ आला तो नाइलाजानं. १९८६ सालच्या पावसाळ्यात आमचे आधीचे सर मस्कतला नोकरीला गेले आणि अंबरनाथच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत, दर शनिवारी संध्याकाळी आम्हा आठ-नऊ पोरापोरींना सांभाळायला कुणी तयार होईना. पाळकसाहेब त्रिभुवन यांनी उपासना सुटल्यावर एकेकाला विचारलं. कुणाची सेकंड शिफ्ट निघाली, कुणाचे गुडघे दुखायला लागले. शेवटी दाराशी चपला शोधत असलेल्या वत्सलाताईंना ते म्हणाले, "वत्सलाबाई, दोन-तीन महिने तुम्हीच बघा. तोवर कुणी शिकलेलं माणूस मिळेलच."

वत्सलाताई सातवी पास. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं, बुवापाड्यात भावाच्या घरामागच्या खोलीत राहायच्या. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात त्या चेकिंगला होत्या. शिवून आलेली पँट उलटसुलट करून बघायची, लोंबते धागे कापायचे, शिलाई सुटलेली असली तर खडूनं खूण करून माल परत पाठवायचा. हे काम त्या गप्प बसून करत नसत. त्यांना सगळ्यांना काहीतरी विचारायचं असे. शेअर रिक्षात शेजारच्या अनोळखी बाईला त्या विचारत, "तुम्ही पापडात मिरी आख्खी घालता की कुटून?" शेठला एकदा त्यांनी विचारलं होतं, "सिंधमधून निघताना घराला कुलूप लावलं होतं का? मग किल्ली कुठंय?" शेठ वैतागून म्हणाला, "बाई, इतना सवाल तो इन्कमटॅक्सवाला भी नहीं पूछता." पण दुसऱ्या दिवशी त्यानं घरून ती किल्ली आणून दाखवली.

पहिल्या शनिवारी मात्र त्या प्रश्न विसरून आल्या होत्या. वहीत उतरवून आणलेला पाठ त्या मान खाली घालून वाचत होत्या आणि कपाळाचा घाम पुसत होत्या. मी तेव्हा चौदा वर्षांची, पुढच्या चटईवर. मागे बेंजामिन गोर्डे, म्हणजे आमचा बेनी, सिनेमातलं गाणं गुणगुणत होता. वय सतरा, दहावीला दोनदा बसून झालेलं, खिशात कायम कंगवा. तेवढ्यात एस्तेर साळवेनं हात वर केला. पंधरा वर्षांची, जिभेला धार असलेली मुलगी.

"ताई, देव सगळ्यांचं ऐकतो ना? मग माझ्या आईला ऐकू का येत नाही?"

हा प्रश्न एस्तेर प्रत्येक नव्या शिक्षकाला विचारायची. आधीचे सर म्हणाले होते, ही देवाची योजना आहे, आपण शंका घेऊ नये. आम्ही सगळे आता वत्सलाताई काय म्हणतात ते बघायला लागलो.

त्यांनी वही मिटली. "मला नाही माहीत गं," त्या म्हणाल्या.

कुणी शिकवणारं माणूस असं म्हणतं हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बेनीचं गाणं थांबलं.

"पण मला एक सांग," ताई पुढे सरकून बसल्या, "तुझी आई प्रार्थना कशी करते? शब्द तर तिनं कधी ऐकले नाहीत. मग देवाशी काय बोलत असेल?"

"मी कधी विचारलंच नाही," एस्तेर म्हणाली. "आणि विचारणार कशी? प्रार्थनेला आमच्याकडं खूण नाही."

तिची आई चांगुणाबाई जन्मापासून बहिरी. माहेर वांगणीकडच्या डोंगरातल्या वाडीवर. शाळा नाही, लिहिणं-वाचणं नाही. हातांच्या खुणा आईनं आणि भावंडांनी घरात बनवल्या तेवढ्याच. लग्नानंतर त्यात नवऱ्यानं आणि लेकीनं भर घातली. दर रविवारी त्या उपासनेला यायच्या आणि थेट पहिल्या बाकावर, ढोलकीच्या शेजारी बसायच्या. लोक म्हणायचे, बाईला पुढं बसायची भारी हौस. त्यांच्याशी कुणी बोलत नसे. काही सांगायचं झालं तर एस्तेरला सांगायचं. पाच वर्षांची असल्यापासून एस्तेर आईचे कान होती आणि जीभही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांच्या भांडणात, सगळीकडे.

"आम्हाला शिकव ना तुझ्या घरच्या खुणा," ताई म्हणाल्या.

एस्तेरला ते आवडलं नाही. पण बाकीचे मागे लागले, तेव्हा ती म्हणाली, "एकदाच."

पुढच्या शनिवारी तरुण संघ साळव्यांच्या खोलीत भरला. चांगुणाबाईंना आधी काही कळेना. एवढी पोरं आपल्या चुलीपाशी का बसलीत, कुणी मेलं की काय, असं त्यांनी एस्तेरला खुणेनं विचारलं. मग ताईंनी भाकरीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. चांगुणाबाईंनी दोन्ही तळवे एकमेकांवर थापटले. भाकरी. पाणी म्हणजे अंगठा ओठांना. पाऊस म्हणजे बोटं डोक्यावरून खाली. आम्ही चुकलो की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदाच म्हणता म्हणता तीन शनिवार झाले.

चौथ्या आठवड्यात बेनीनं घोळ केला. नळावर आपल्या दोस्तांना हसवायला त्यानं चांगुणाबाईंची नक्कल केली. हात वेडेवाकडे फिरवले, त्यांच्या घशातून येतो तसा आवाज काढला. पोरं खिदळली. चांगुणाबाई कोपऱ्यावर हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांना आवाज ऐकू आला नाही, पण आवाजाची गरजच नव्हती. त्या रिकामा हंडा घेऊन घरी परतल्या.

एस्तेर तशीच ताईंच्या खोलीवर गेली. "संपलं," ती म्हणाली. "मी आधीच सांगत होते. माझ्या आईचा तमाशा झाला."

ताईंनी मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं, त्या दिवशी त्यांना वाटलं की पाळकसाहेबांकडे जावं आणि तरुण संघ परत करावा. आपल्या चौकसपणापायी एका गरीब बाईच्या घरात आपण पोरं घुसवली. कारखान्यात त्यांच्या हातून उसवलेल्या खिशाच्या चार पँटी तशाच पास झाल्या. शेठनं त्या पुढ्यात आणून टाकल्या, तरी त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी बेनीला बोलावलं. तो आधीच मान पाडून आला, बोलणी खायच्या तयारीनं. ताईंनी विचारलं, "तू नक्कल केलीस तेव्हा त्या हातांनी काय म्हणत होतास?"

"काय पण नाही, ताई. असंच. मस्करीत."

"म्हणजे बोललास आणि अर्थ काहीच नाही. त्यांना केवढं कोडं पडलं असेल. आता जा आणि नीट काहीतरी बोल. माफी माग."

बेनी आधी एस्तेरकडे गेला, माफीची खूण विचारायला. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "तशी खूण नाही आमच्याकडं. तिची माफी कधी कुणी मागितलीच नाही."

रविवारी दुपारी बेनी साळव्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आम्ही ताईंबरोबर गल्लीच्या तोंडाशी. चांगुणाबाई उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा सुपात बघितलं. मग बेनीनं शाळेतल्यासारखे दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागला. भर गल्लीत, शेजारपाजारच्या बाया बघत असताना. सातव्या की आठव्या उठाबशीला चांगुणाबाईंनी त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवलं, त्याचे हात कानांवरून काढले आणि अर्धे तांदूळ ताटात ओतून त्याच्या पुढ्यात सरकवले. बेनी दिवेलागणीपर्यंत तांदूळ निवडत होता. खडे कमी आणि तांदूळच जास्त बाहेर काढत होता. चांगुणाबाई ते परत आत टाकत होत्या. एस्तेर हे सगळं आतून बघत होती. शनिवारी या, असं तिनंच ताईंना सांगितलं.

त्या शनिवारी ताईंनी आपला मूळचा प्रश्न काढला. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, वर बघितलं, मग चांगुणाबाईंकडे बोट करून भुवया उंचावल्या. तुम्ही काय करता?

चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले. दोन बोटांची कातर करून हवेत काहीतरी कापलं, मग उजवा तळवा उताणा करून वर धरला. थोडा वेळ तसाच ठेवला. नंतर केसांतून कंगवा फिरवल्यासारखं केलं आणि पुन्हा तळवा वर. मग एक बोट दातांखाली धरलं, तळवा वर. मी माझं चावलेलं नख पटकन मागं लपवलं.

"थांब, थांब," एस्तेर हळूच म्हणाली. "ही नावं आहेत. कातर म्हणजे ताई. कंगवा म्हणजे बेनी."

चांगुणाबाईंनी आमच्यातल्या प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. आम्हालाच काय, अख्ख्या मंडळीला. त्यांची प्रार्थना एवढीच होती. एकेकाचं नाव हातानं घ्यायचं आणि त्याला तळव्यावर ठेवून देवापुढं धरायचं. तीसेक माणसं होती. ज्यांनी कधी त्यांच्याकडे बघून मान हलवली नव्हती, तीसुद्धा त्यात होती.

आपल्या दोन बोटांची कातर करून ताई ती बघत राहिल्या. आम्ही मात्र गलका केला. हा कोण, तो कोण, खजिनदार कसे, ढोलकीवाला कसा! पाळकसाहेबांचं नाव आलं तेव्हा चांगुणाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मूठ दाणदाण आपटली. मग लेकीला काहीतरी विचारलं. एस्तेर हसून लोळायला लागली.

"ती विचारतेय, हा माणूस दर रविवारी आपल्याला रागावतो का?"

पहिल्या बाकाचंही त्या दिवशी कळलं. ढोलकीचा ठोका बाकाच्या लाकडातून अंगात येतो, हे त्यांनी माझा हात पाटावर ठेवून, पाट बडवून दाखवलं.

थोड्याच दिवसांत मंडळीत कुरबुर सुरू झाली. पोरं उपासनेत हातवारे करतात, हसतात. सातवी शिकलेल्या बाईनं पोरांचं काय करून ठेवलं! मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी तसं पाळकसाहेबांना बोलून दाखवलं. साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, एक विचारू? प्रवचन देताना तुम्ही आमच्यावर चिडलेले असता का?"

"मी? नाही बुवा! का?"

ताईंनी जे होतं ते सांगितलं. पाळकसाहेबांनी टेबलावरची आपली मूठ उघडली. त्या शनिवारी ते स्वतः साळव्यांच्या खोलीत आले, चटईवर आमच्यात बसले आणि एस्तेरला म्हणाले, "बाळ, 'तुम्ही आलात, बरं वाटलं', हे कसं सांगायचं?" पुढचा रविवार उजाडला तेव्हा ते प्रवचनाआधी खाली उतरले आणि पहिल्या बाकापाशी जाऊन त्यांनी ते सांगितलं. जरा चुकलंच. पण चांगुणाबाईंनी त्यांचं नाव बदललं. मुठीच्या जागी मांडी घालून बसलेला माणूस आला.

नाताळाच्या कार्यक्रमात चांगुणाबाई साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभ्या राहिल्या. एस्तेर सवयीनं त्यांच्या शेजारी जायला उठली. ताईंनी तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं आणि बेनीला पुढं ढकललं. बेनीनं खुणांचा अर्थ मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. त्यानं एका जागी पावसाची भाकरी केली, एका जागी सासूची म्हैस केली, आणि सगळे हसले. चांगुणाबाईही हसल्या आणि हात हळू करून पुन्हा सांगायला लागल्या. माहेरच्या वाडीवर आपल्याला मुकी म्हणून कुणी खेळायला घेत नसे, इथं पोरं घरी येतात, असं त्या म्हणत होत्या. एस्तेर माझ्या शेजारी बसली होती. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते.

"आई बोलताना किती छान दिसते," ती म्हणाली. "मला कधी बघायला मिळालंच नव्हतं. मी नेहमी सांगण्यातच."

परतताना ताई आमच्याबरोबर बुवापाड्यापर्यंत चालत आल्या. वाटेत त्या एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "पाच महिने झाले, मी तुम्हाला एक पाठ धड शिकवला नाही. आणि मला एवढं बरं का वाटतंय?"

ते दोन-तीन महिने पुढं अकरा वर्षं चालले. मधे एक शिकलेले गृहस्थ मिळाले, त्यांनी रविवारचा शास्त्राचा वर्ग घेतला. शनिवार मात्र ताईंकडेच राहिला. सगळंच सरळ झालं असं नाही. सुबोध नावाचा एक मुलगा दारूला लागला. ताई कितीदा त्याच्या दाराशी गेल्या, पण तो परतला नाही. त्याच्याबद्दल बोलताना त्या पुढंही म्हणायच्या, "माझं त्याला काय विचारायचं राहिलं, तेच कळत नाही." बेनी तिसऱ्या खेपेला दहावी सुटला, मुंबईत बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं आणि तिथंच शाळेत लागला. तो मुंबईच्या नव्या खुणा घेऊन आला की चांगुणाबाई त्याच्या हातावर चापट मारून आपल्या खुणा करायला लावायच्या. एस्तेर लग्न होऊन बदलापूरला गेली.

सत्त्याण्णव साली भावाचं घर लहान पडायला लागलं आणि ताई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये भाड्याच्या खोलीत आल्या. पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले, तर चटईवर सहा-सात नवी पोरं बसलेली. त्यांच्यात तिथल्याच मंडळीत येणारी एक सिंधी मुलगीही होती. तेरा वर्षांची असेल. ती अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत विचारत होती, "ताई, सच बताओ, देवाला कुठली भाषा जास्त चांगली येते?"

एक मुलगा हसला. ताईंनी त्याला हातानं थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढे वाकून त्या मुलीला म्हणाल्या, "तुझी आजी कुठल्या भाषेत भांडते गं?"

"सिंधीत."

"आणि लाड कुठल्या भाषेत करते?"

मुलगी बोलायला लागली. तेवढ्यात दुसरा एक जण म्हणाला, माझी आजी तर दोन्ही कानडीत करते, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.