काट्यावर किसनमामा

किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही. हिंगोलीत, हळदीच्या दुकानावरच्या आमच्या तीन माणसांच्या ऑफिसात ते कीबोर्डवरच्या पिवळ्या धुळीसारखे आपोआप साचतात!

काम साधं. मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या, काट्यावरचं वजन आमचा छोटा कॉम्प्युटर, आमच्या भाषेत डबा, पडद्यावर दाखवतो. यंदा जिल्ह्यातल्या एका मोंढ्याने नवा, स्वस्त डबा मागितला. चाचणीत पास झालो तर सगळे काटे आमचे, नाहीतर पुण्याच्या एका कंपनीचे. अडचण एकच. जुन्या डब्यात प्रोग्रामला आधार देणारी सी भाषेची मूळ लायब्ररी ग्लिबसी, नव्यात मसल. दोघींचं काम एक, स्वभाव वेगळे!

*

ज्योती आमची प्रोग्रामर, जवळच्या हट्टा गावची. तिने नव्या डब्यात प्रोग्राम टाकला. डबा म्हणाला, 'फाईल सापडली नाही.' हार्डवेअर बघणारा राठोड वैतागला, "आंधळं हाय का हे? समोर तर दिसून राहिली!"

ज्योतीने शोधून काढलंच. फाईल होती, ती सुरू करून देणारा ग्लिबसीचा लोडर नव्या डब्यात नव्हता.

मला म्हणाली, "सर, नवरदेव मांडवात हाय, भटजी न्हाई. आन् हे म्हणतंय नवरदेवच न्हाई!"

*

मग प्रोग्राम मसलसाठी नव्याने बांधला, तर तो सुरू होतानाच अडला. एक फंक्शन गायब! जुन्या डब्यात ते कधीच होतं कुठे? पण ग्लिबसी वेळ आल्याशिवाय शोधायचीच नाही, आणि ते फंक्शन ज्याला लागतं ते बटण कुणी दाबलंच नव्हतं.

राठोड म्हणाला, "ही मसल आमच्या मायसारखी. मिठापासून सगळं समोर ठेवल्याबिगर चूल पेटवत न्हाई!"

*

काट्याशी बोलणारी लायब्ररीही मसलसाठी नव्याने बांधायची होती. तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागायला ज्योतीने काटा बनवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा साहेब हसला, "हिंगोलीत लिनक्सवर काम चालतं?"

"व्हय. पाणी दिवसाआड येतं, लिनक्स रोज असतं!"

संध्याकाळी सोर्स मेलमध्ये. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

*

चाचणीचा दिवस. मोंढ्याचे सचिव, व्यापारी, सगळे हजर. किसनमामा तिथले जुने हमाल; आज घरच्या हळदीची पोती मुलाजवळ गेटवरच ठेवून आलेले. कोणताही नवा काटा आला की आधी स्वतः त्यावर उभे राहतात. बासष्ट किलो. बराबर!

मग एक पोतं मोजलं, रिकाम्या पोत्याचा एक किलो वजा करून. मामा पुन्हा चढले. एकसष्ट!

"काहून? एका पोत्यात मी वाळलो का?"

सगळे हसले. सचिव म्हणाले, "मग पुण्यालाच कळवतो."

"अर्धा तास द्या," ज्योती म्हणाली आणि पोत्यांवरच लॅपटॉप उघडून बसली.

आमचा प्रोग्राम दर मापानंतर काट्याची लायब्ररी बंद करून पुन्हा उघडायचा. ग्लिबसी ती खरोखर काढून टाकते, म्हणून जुना हिशेब पुसला जायचा. मसल बंद केल्यासारखं करते, काढत नाही. तो वजा केलेला किलो तसाच चिकटून राहिला होता. ज्योतीने प्रत्येक मापाआधी तो शून्य करणारी एक ओळ घातली.

मामा चढले. बासष्ट. पोतं मोजलं. पुन्हा चढले. बासष्ट!

सचिवांनी मामांकडे पाहिलं. "काय मामा, घ्यायचा का काटा?"

मामा खाली उतरले, गेटकडे गेले आणि तिथे उभ्या असलेल्या आपल्या मुलाला हाक मारली,

"आपली हळद आण आत. आज मोजू!"